गावात नव्याने राहायला आलेल्यांसाठी: ग्रामपंचायत, ग्रामसभा आणि गावची रीत

निवृत्तीनंतर मूळ गावी परतलेले नोकरदार, लग्न होऊन गावात आलेल्या सुना, शाळेत किंवा आरोग्य उपकेंद्रात बदलून आलेले कर्मचारी आणि शेत घेऊन तिथेच घर बांधणारी तरुण जोडपी या सर्वांना पहिल्या वर्षात एकच अडचण येते. नळाला पाणी येत नाही, दाखला हवा असतो किंवा घरासमोरचे गटार तुंबलेले असते, आणि हे सांगायचे कोणाला तेच कळत नाही. गावात सगळे ओळखीवर होते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ओळख लागतेच, आणि ती करून घेण्यात काही गैर नाही. पण सरपंच बदलतात, ग्रामसेवकांची बदली होते, तोंडी शब्द त्यांच्याबरोबर निघून जातो आणि मागे राहतो तो दप्तरातला कागद. म्हणून माणसे जोडणे आणि आपली गोष्ट ग्रामसभेच्या इतिवृत्तात नीट लिहवून घेणे ही दोन्ही कामे नवख्या माणसाने सुरुवातीपासूनच शिकावीत. पुढील माहिती महाराष्ट्रातील गावांपुरती आहे.

कोणते काम कोणाकडे

गावात दोन सरकारी यंत्रणा शेजारीशेजारी काम करतात आणि नवखा माणूस हमखास चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो. पहिली यंत्रणा ग्रामपंचायतीची. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार चालणाऱ्या या संस्थेत लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ निवडून आलेले सदस्य असतात, आणि २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडले जातात. ग्रामसेवक हे पंचायतीचे सचिव असतात. २०२४ मध्ये शासनाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदे एकत्र करून त्यांना ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव दिले. गावात मात्र अजून ग्रामसेवक किंवा ‘भाऊसाहेब’ असेच म्हटले जाते. पिण्याचे पाणी, दिवाबत्ती, गटारे, कचरा, गावातील अंतर्गत रस्ते, जन्म, मृत्यू व विवाह यांच्या नोंदी आणि घरपट्टी ही पंचायतीची कामे आहेत.

दुसरी यंत्रणा महसूल खात्याची. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), त्यांच्यावर मंडळ अधिकारी आणि त्यांच्यावर तहसीलदार असा तिचा क्रम आहे. सातबारा, फेरफार, पीक पाहणी आणि शेतसारा या गोष्टी तिकडच्या. अतिवृष्टीने पीक गेले की तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. शेताकडे जाणारी वाट कोणी अडवली, तर त्यासाठी अर्ज तहसीलदारांकडे करावा लागतो. सरपंच समजूत घालू शकतात, पण तसा आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही. पोलीस पाटील हे तिसरेच पद आहे. ते १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली काम करतात आणि गावातील गुन्ह्याची किंवा संशयास्पद मृत्यूची खबर पोलीस ठाण्याला देणे हे त्यांचे कर्तव्य असते.

रस्त्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. गावातून जाणारा प्रत्येक रस्ता पंचायतीचा नसतो. काही जिल्हा परिषदेकडे असतात, तर काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. खड्ड्याची तक्रार करण्याआधी रस्ता कोणाकडे आहे हे ग्रामसेवकांना विचारून घेतले, तर पुढचे सहा महिने वाचतात. विजेचेही तसेच आहे. खांबावरचा दिवा लावणे पंचायतीचे काम, तार तुटली किंवा रोहित्र जळाले तर महावितरणचे. गावच्या वायरमनचा नंबर पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवावा.

ग्रामसेवकांकडे पुष्कळदा एकाहून अधिक गावे असतात आणि त्यांचे येण्याचे वार ठरलेले असतात. ते वार कार्यालयाच्या फलकावर लिहिलेले नसतील, तर शिपायाला विचारावेत. शिपाई, पाणी सोडणारा कर्मचारी आणि सेवा केंद्रातील संगणक परिचालक या तिघांना पंचायतीचा रोजचा कारभार सर्वांत जवळून ठाऊक असतो. यांच्याशी आदराने वागणाऱ्या माणसाचे काम अडत नाही, हा माझा कायमचा अनुभव आहे.

आपली नोंद कुठे कुठे हवी

सर्वांत आधी मतदार यादी. ग्रामसभेचे सदस्यत्व वेगळा अर्ज करून मिळत नाही. पंचायतीच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो आपोआप ग्रामसभेचा सदस्य असतो. तुमचे नाव अजून पुण्यात किंवा ठाण्यात असेल, तर वडिलोपार्जित घर असूनही ग्रामसभेत तुमचे मत मोजले जात नाही. पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ आणि प्रथमच नोंदणी करायची असेल तर नमुना ६ भरून मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे द्यावा किंवा ऑनलाइन भरावा. हा अधिकारी गावात बहुधा शाळेतील शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतो. पंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, त्यामुळे निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबू नये.

दुसरी नोंद घराची. पंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीलाही ‘नमुना ८’च म्हणतात, आणि तलाठ्याकडे मिळणारा जमिनीचा ‘आठ-अ’ हा पुन्हा वेगळा उतारा आहे. ही तिन्ही नावे एकमेकांत मिसळल्यामुळे लोक नको तो कागद घेऊन तालुक्याला जातात. घर विकत घेतले असेल, तर खरेदीखताची प्रत जोडून नाव बदलण्यासाठी पंचायतीकडे अर्ज करावा. तो मासिक सभेपुढे जातो आणि मंजुरीनंतर नोंद बदलते. व्यवहार करण्यापूर्वी त्या घराची घरपट्टी व पाणीपट्टी थकलेली नाही, असा दाखला विकणाऱ्याकडून अवश्य घ्यावा.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. पंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. केवळ त्याच्या भरवशावर घर किंवा जागा घेणाऱ्यांची पुढे फार ओढाताण होते. गावठाणातील घरांसाठी ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देण्याची स्वामित्व योजना २०२० पासून सुरू आहे. आपल्या गावाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक पाहूनच व्यवहार करावा, आणि गावठाणाबाहेरच्या जागेबाबत सातबारा व बांधकामाची परवानगी दोन्ही तपासावीत.

जन्म किंवा मृत्यू झाल्यास २१ दिवसांच्या आत पंचायतीत खबर द्यावी. उशीर झाल्यास प्रक्रिया लांबते. पंचायतीतून मिळणारे अनेक दाखले २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली येतात आणि कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. घरपट्टी वेळेवर भरावी आणि छापील पावती घ्यावी. कर थकवून सभेत बोलायला उभे राहिलात, तर पहिला प्रश्न तुमच्या थकबाकीचा येतो, आणि तो रास्तही असतो.

गावकी, यात्रा कमिटी आणि वर्गणी

पंचायत हा गावाचा कायदेशीर चेहरा झाला. त्याच्याखाली गावाची स्वतःची एक रचना असते आणि ती कोणत्याही अधिनियमात सापडत नाही. कोकणात वाडीवाडीची गावकी असते, देशावर यात्रा कमिटी आणि सप्ताह कमिटी असते, विदर्भ-मराठवाड्यात मंदिराच्या पाराभोवती जमणारी जाणती मंडळी असतात. ग्रामदैवताची यात्रा कोणत्या तिथीला, पालखी कोणाच्या दारावरून जाणार, हरिनाम सप्ताहात कोणत्या दिवशी कोणत्या आळीची पंगत, हे सगळे तिथे ठरते. मयताला खांदा देणे, लग्नघरी वाढायला उभे राहणे, कोणाच्या गोठ्याला आग लागली तर बादली घेऊन धावणे यांतून माणूस गावचा होतो. ज्या घराने सप्ताहाच्या पंगतीत चार तास वाढपे म्हणून काम केले आहे, त्या घरातील माणूस ग्रामसभेत उठला की लोक त्याचे पूर्ण ऐकून घेतात.

वर्गणीबद्दल स्पष्ट बोलावे. यात्रेची, मंदिराच्या जीर्णोद्धाराची किंवा सप्ताहाची वर्गणी घरटी ठरलेली असते. आपल्या ऐपतीप्रमाणे आनंदाने द्यावी आणि नसेल झेपत तर कमिटीच्या अध्यक्षांना घरी जाऊन तसे सांगावे, कारण गावात अबोल्यापेक्षा नकार लवकर विसरला जातो. पण ही वर्गणी ऐच्छिक आहे. ती दिली नाही म्हणून कोणाचे नळाचे पाणी बंद करणे, दाखला अडवणे किंवा दुकानातून माल न देणे हे बेकायदेशीर आहे. गावकीने एखाद्या घराला वाळीत टाकल्याचे प्रकार अजूनही घडतात. त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. असे काही आपल्या किंवा शेजाऱ्याच्या वाट्याला आले, तर पोलीस ठाण्यात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. गावात मिळून मिसळून राहणे याचा अर्थ अन्यायाला मान डोलावणे असा कधीही नाही.

गावची रीत बदलूही शकते, आणि ती ग्रामसभेतूनच बदलल्याचे उदाहरण महाराष्ट्रासमोर आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. एका खेड्यातील सभेत लिहिलेल्या काही ओळी इतक्या लांब पोहोचल्या.

ग्रामसभेच्या आधी

वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे पंचायतीवर बंधनकारक आहे. रूढ पद्धतीने त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवसांच्या आसपास होतात. सभेची नोटीस आगाऊ फलकावर लागते, दवंडी दिली जाते आणि हल्ली गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही येते. नवख्या माणसाने चारही सभांना जावे. तरीही मे महिन्यातील सभा सर्वांत महत्त्वाची मानावी, कारण आर्थिक वर्षातील पहिल्या सभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षाची कामे आणि लेखापरीक्षणातील आक्षेप ठेवावे लागतात. ऑक्टोबरच्या सभेपासून पुढील वर्षाचा गाव विकास आराखडा आकार घेऊ लागतो. नवे काम सुचवायचे तर तेव्हाच सुचवावे. आराखड्यात नसलेल्या कामाला नंतर निधी मिळवणे अवघड जाते.

निधीचा हिशोब थोडा समजून घेतला, तर मागणी नेमकी करता येते. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे ती पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायची होती. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातूनही मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करावा लागतो. आपल्या वस्तीत दिव्यांग व्यक्ती असतील, तर त्या ५ टक्क्यांतून गेल्या वर्षी काय झाले हा प्रश्न कोणीतरी विचारलाच पाहिजे. तो बहुतेक गावांत कोणी विचारत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आता आपला विषय मांडण्याची तयारी. समजा, आपल्या आळीतील उघडे गटार बंदिस्त करून हवे आहे. प्रथम शेजारच्या आठ-दहा घरी जाऊन बोलावे. एखाद्याला आपल्या दारातली जागा जाईल अशी भीती असते, ती सभेत उफाळून येण्याआधी ओट्यावर बसून ऐकून घ्यावी. मग आपल्या वॉर्डाच्या सदस्यांना सोबत घेऊन साध्या कागदावर अर्ज लिहावा: गटार कुठून कुठपर्यंत, साधारण किती मीटर, किती घरांना त्रास आणि तो विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा ही विनंती. खाली सर्वांच्या सह्या घ्याव्यात. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का यांसह पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिला नाही असेच समजावे.

विषयपत्रिकेवर आधी विषय आला नाही, तर ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळचे विषय’ या शेवटच्या सदरात तो मांडता येतो. पण तोपर्यंत निम्मी माणसे उठून गेलेली असतात.

महिलांसाठी एक स्वतंत्र व्यवस्था आहे. नियमित ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. नव्याने गावात आलेल्या सुनेला भरसभेत बोलायचा संकोच वाटत असेल, तर महिला सभेत पाण्याचा, शौचालयाचा किंवा अवैध दारूचा विषय मांडून तो ठराव ग्रामसभेपुढे नेता येतो. काही ठिकाणी ही सभा कागदोपत्रीच उरकली जाते. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या अध्यक्षा यांना दोन दिवस आधी विचारले, तर सभा कुठे आणि किती वाजता हे कळते आणि ती प्रत्यक्ष भरण्याची शक्यताही वाढते.

प्रत्यक्ष सभेत

सभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. पाचशे मतदारांच्या गावाला ७५ माणसे हवीत. तितकी जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे पहिल्या वेळी लोक आले नाहीत, तर नंतर मोजक्या लोकांत गावाचे निर्णय होतात. घरकुलाचे लाभार्थी निवडण्यासारखा विषय अशा रिकाम्या सभेत होऊ द्यायचा नसेल, तर आपण जावे आणि शेजाऱ्यालाही बोलावून न्यावे.

आत शिरताच उपस्थितीच्या नोंदवहीत सही करावी लागते. सही करण्यापूर्वी पानाच्या माथ्यावर सभेची तारीख आणि प्रकार लिहिलेला आहे का ते पाहावे. कोऱ्या पानावर सही करू नये. नम्रपणे ‘भाऊसाहेब, वर तारीख टाका, मग करतो’ असे म्हणावे. एवढे म्हणण्याने कोणी रागवत नाही.

बोलताना थोडक्यात आणि कामाचे बोलावे. सरपंच वयाने लहान असले तरी अध्यक्ष म्हणून त्यांना उद्देशून बोलावे, व्यक्तींची नावे घेऊन आरोप करणे टाळावे, आणि शहरात कसे असते हे सांगत बसू नये; गावाला आपले प्रश्न आधीपासून माहीत असतात, हवा असतो तो त्यांच्या पाठपुराव्याला आणखी एक हात. चर्चा झाली की ठराव कोणत्या शब्दांत लिहिला जातो याकडे सगळे लक्ष द्यावे, कारण बहुतेक प्रश्न याच ठिकाणी हरवतात. ‘गटाराबाबत चर्चा झाली, काम करण्याचे सर्वानुमते ठरले’ असे वाक्य नोंदले गेले तर त्यातून पुढे काहीही निघत नाही. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहिण्याचा आग्रह धरावा: ‘मारुती मंदिरापासून ओढ्यापर्यंतचे अंदाजे १२० मीटर बंदिस्त गटाराचे काम पुढील वर्षाच्या आराखड्यात सांडपाणी व्यवस्थापनासाठीच्या बंधित निधीतून घेण्यात यावे, अंदाजपत्रक तयार करण्याबाबत पंचायत समितीस एक महिन्याच्या आत पत्र देण्यात यावे व झालेल्या कार्यवाहीची माहिती पुढील ग्रामसभेत देण्यात यावी.’ त्याखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे असावीत. यात जागा आहे, लांबी आहे, निधी आहे, मुदत आहे आणि जबाबदारी आहे. उद्या पदाधिकारी बदलले तरी नव्या माणसाला काय करायचे ते वाचून कळते.

मतभेद तीव्र असतील तर घाईने हात वर करून मोजणी करण्यापेक्षा विषय पुढच्या सभेवर ढकलणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात असलेल्या मेंढा (लेखा) गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत रुजवली आणि निर्णयाआधी अभ्यास गटात विषय समजून घेण्याची सवय लावली. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत ते होते. हिवरे बाजारला ग्रामसभेपुढे वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद ठेवून पिके कोणती घ्यायची हे ठरते. ही गावे फार पुढची आहेत हे मान्य, पण त्यांचीही सुरुवात लोकांनी सभेला येऊन बसण्यापासूनच झाली.

सभा झाल्यानंतर

आठ-दहा दिवसांनी कार्यालयात जाऊन इतिवृत्त वाचायला मागावे आणि आपल्या ठरावाची नक्कल अर्ज देऊन घ्यावी. शब्द बदललेले आढळले, तर लगेच लेखी हरकत द्यावी आणि तिचीही पोच घ्यावी. पुढच्या सभेचा पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा असतो. तो घाईने वाचला जात असला तरी आपला ठराव आला की उठून त्यावर काय कार्यवाही झाली हे विचारावे. पंचायत समितीला पत्र गेले असेल, तर त्याचा जावक क्रमांक टिपून ठेवावा आणि पुढची चौकशी त्या क्रमांकानेच करावी.

दोन सभा उलटूनही हालचाल नसेल, तर पंचायत समितीतील विस्तार अधिकारी (पंचायत) आणि त्यानंतर गटविकास अधिकारी यांना ठरावाची नक्कल जोडून पत्र द्यावे. कागदपत्रेच मिळत नसतील, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि उत्तर न आल्यास त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिले अपील करता येते. ‘गटाराची सर्व माहिती द्या’ असे मोघम न लिहिता ठराव क्रमांक, सभेची तारीख आणि हवी असलेली कागदपत्रे नावानिशी लिहावीत. अर्ज करण्याआधी ग्रामसेवकांना एकदा प्रत्यक्ष भेटून तसे सांगावे. अनेकदा त्याच भेटीत कागद हाती मिळतो, संबंधही बिघडत नाहीत आणि पंचायत समितीत काम कोणत्या टेबलावर अडले आहे तेही कळते.